घरात चप्पल का नको?

परवा आमच्या भिशीत टाचांचा विषय निघाला. निघाला म्हणजे कुणी मुद्दाम काढला नव्हता. जिच्याकडे भिशी होती ती पोह्यांच्या डिशा घेऊन आली आणि सतरंजीवर बसता बसता "आई गं" म्हणाली. काय झालं, तर म्हणे, "काही नाही गं, टाच. रोजचंच आहे." झालं! पुढचा तासभर आम्ही अकराजणी दुसरं काही बोललोच नाही. एकीला सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टेकवत नाही. एकीच्या चवड्याखाली कुरूप आहे, त्यामुळे ती पाऊल तिरपं टाकते आणि आता गुडघाही दुखतो. एकीच्या भेगांत रात्री चादरीचे धागे अडकतात. एकीच्या करंगळीच्या बेचकीतल्या चिखल्या पावसाळा संपला तरी जात नाहीत.

मी विचारलं, डॉक्टरांना कुणी दाखवलंय? दोघींनी. त्याही कशा, तर खोकल्याचं औषध घेऊन झालं, पर्स उचलली आणि उठता उठता, "डॉक्टर, आणखी एक, जरा टाच दुखते." डॉक्टरांनीही पुढच्या पेशंटची घंटी वाजवत एक गोळी लिहून दिली. पाय कुणी पाहिला नाही. आम्ही बसलो होतो त्या सतरंजीवरसुद्धा प्रत्येकीने आपली पावलं साडीखाली, ड्रेसखाली नीट झाकून घेतली होती, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

मग मी दुसरा प्रश्न विचारला. घरात चप्पल कोण कोण घालतं? अकरांतली एक. आणि तीही सासरे हॉलमध्ये असले की काढून ठेवते.

तर मैत्रिणींनो, आज मला याच विषयावर बोलायचं आहे. घरात चप्पल घालावी, स्वयंपाकघरातसुद्धा घालावी, असं माझं आता स्पष्ट मत झालं आहे. यावर रागाची पत्रं येतील, हे मला माहीत आहे. पाच वर्षांपूर्वी मी स्वतःच असं पत्र लिहिलं असतं. म्हणून आधी आमच्या घरी काय घडलं ते सांगते.

माझ्या सासूबाईंना पंधरा वर्षांपासून साखरेचा आजार. औषधपाण्यात त्यांची शिस्त अशी, की गोळी चुकली असं कधी झालं नाही. बिनसाखरेचा चहा घेतात, भात मोजून खातात, संध्याकाळी मारुतीच्या देवळापर्यंत फेरी. आम्हाला वाटायचं, आपल्याकडे सगळं ठीक चाललंय. मधूनमधून त्या म्हणायच्या, "पायाला मुंग्या येतात गं," किंवा "कापसावर चालल्यासारखं वाटतं." आम्ही म्हणायचो, वय झालं, व्हायचंच. दर तीन महिन्यांनी तपासणीला न्यायचो, तर तिथे चपला दाराबाहेर आणि पाय टेबलाखाली. रक्त तपासलं जायचं, बीपी बघितलं जायचं. पाय टेबलाखालीच राहायचे.

दिवाळीच्या साफसफाईत एक बांगडी फुटली होती. मी झाडून घेतलं होतं, दोनदा. तरी एक तुकडा राहिला असणार. चौथ्या दिवशी चकलीचं पीठ मळत असताना मला फरशीवर ठसे दिसले, ओलसर, पिवळट, देवघरापासून मोरीपर्यंत. सासूबाई म्हणाल्या, "पाणी सांडलं असेल, पुसून घे." मी त्यांना खुर्चीवर बसवलं, पाऊल उलटं करून पाहिलं. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी हिरवी काच रुतलेली होती, आणि भोवती सगळं सुजलेलं. बोट एवढं फुगलं होतं, की जोडवं मांसात गेलं होतं. मी विचारलं, "दुखत नाही का?" त्या म्हणाल्या, "नाही गं. दुखलं असतं तर सांगितलं नसतं का?"

ते वाक्य मी आजही विसरलेले नाही. जिल्ह्याच्या गावी न्यावं लागलं, एकोणीस दिवस तिथे काढले. ऑपरेशनच्या आधी जोडवं कापून काढलं, ते एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिलं. बोट वाचलं नाही. पाऊल वाचलं, ते नशीब. तिथल्या वॉर्डात पाऊल न वाचलेल्या बायकाही होत्या. कुणाच्या पायाला चप्पल चावली होती, कुणी शेकायला गरम पाण्याची पिशवी घेतली होती, एकीने कुरूप ब्लेडने तासलं होतं. कारणं इतकी साधी, की ऐकताना विश्वास बसत नाही.

साखर बरीच वर्षं जास्त राहिली की पायांच्या नसा मंदावतात. आधी मुंग्या, जळजळ, मग हळूहळू बधिरपणा. त्यातच पायाकडचा रक्तपुरवठा कमी झालेला असेल तर जखम भरतही नाही. आपल्या देशात असे पेशंट थोडेथोडके नाहीत. आयसीएमआरने राज्याराज्यांत केलेली पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यानुसार भारतात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. यांतली कितीतरी माणसं तुमच्या-माझ्या घरात आहेत, आणि त्यांच्यातल्या बायका दिवसभर फरशीवर अनवाणी वावरतात.

दुखणं ही वाईट गोष्ट, असं आपण धरून चालतो. पण न दुखणं किती भयंकर असतं, हे आधी कळलं ते कुष्ठरोगाचं काम करणाऱ्यांना. डॉ. पॉल ब्रँड नावाचे सर्जन १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. तेव्हा सगळ्यांचा समज असा होता, की कुष्ठरोगात बोटं आपोआप झडतात. ब्रँड यांनी दाखवून दिलं, की रोगाने बोटं झडत नाहीत. रोगाने फक्त संवेदना जाते. मग माणूस खिळ्यावर पाय देतो, तापलेलं भांडं उचलतो, फोड आलेल्या पायाने मैलभर चालतो, आणि त्या जखमांनी पाय जातो. अशा बधिर पायांसाठी एमसीआर नावाच्या मऊ रबराच्या चपला वापरात आल्या. एमसीआर म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर. आज साखरेच्या पेशंटना डॉक्टर सांगतात त्या याच जातीच्या चपला.

आमच्याही डॉक्टरांनी सांगितलं, "आजी, आता घरात चप्पल घालायची. अंथरुणातून उतरलं की चप्पल." सासूबाई म्हणाल्या, "घरात?" जणू त्यांना चप्पल घालून गाभाऱ्यात जायला सांगितलं होतं.

त्यांचं म्हणणं मला कळत होतं, खोटं का बोलू? माझंही बालपण तशाच घरात गेलं. चप्पल म्हणजे बाहेरचं, रस्त्यावरचं, शेणामातीचं. ती उंबऱ्याच्या आत येत नाही. अन्न शिजतं तिथे तर नाहीच, ते पूर्णब्रह्म. या रीतीत शहाणपण आहे. बाहेरची चप्पल बाहेरच राहावी, याबद्दल माझा वाद नाही. पण रीत ठरली तेव्हाची घरं आठवा. खाली सारवलेली जमीन, चुलीपुढे पाट टाकून बसून स्वयंपाक, वाढणं बसून, निवडणं-टिपणं बसून. आता ओटा आला. पोळ्या उभ्याने, फोडणी उभ्याने, भांडी उभ्याने. सकाळी साडेपाचला डब्यांसाठी ओट्याशी उभी राहिलेली बाई दहाला मोकळी होते. पायाखाली आधी शहाबादी आली, मग कोटा, आता चकाचक टाइल्स. सारवणाला थोडी तरी लवचीकता होती, टाइल्सला ती अजिबात नाही. घर बदललं, काम करायची पद्धत बदलली, पायाखालची जमीन बदलली. नियम तेवढा सारवलेल्या जमिनीच्या काळातला राहिला, आणि तो पाळायचा कुणी, तर जी दिवसातले पाच-सहा तास त्या फरशीवर उभी असते तिने. घरातल्या पुरुषांना हा नियम जड जात नाही, कारण ते घरात असतात तेव्हा बहुतेक बसलेले असतात. (आमच्याकडचे हे वाचतील, हरकत नाही.)

सकाळी पहिलं पाऊल टेकताना टाचेत सुई टोचल्यासारखं होतं ना, त्याचं मूळ यात बरंच आहे. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो, कमानीला ताणून धरणारा. वजन वाढलं, तासन् तास कठीण फरशीवर उभं राहिलं, पोटऱ्या आखडलेल्या असल्या की टाचेपाशी तो पट्टा दुखावतो. रात्रभर आराम मिळाला की आखडतो आणि सकाळी पहिल्या पावलाला पुन्हा ताणला जातो. चार पावलं चाललं की बरं वाटतं, म्हणून आपण पुन्हा कामाला लागतो. एक्स-रे काढला तर टाचेचं हाड वाढलेलं दिसतं आणि बाई घाबरते. पण काहीही न दुखणाऱ्या कितीतरी माणसांच्या एक्स-रेत ते तसंच दिसतं, त्या हाडाला एवढं मनावर घेऊ नका.

यावर उपाय अगदी घरगुती आहे, फक्त नेमाने करायला हवा. पलंगावरून उतरायच्या आधी पाय लांब करून बसा, ओढणी चवड्याला अडकवा आणि पाऊल आपल्याकडे ओढून धरा, दहा वेळा. मग दिवसातून दोन-तीनदा भिंतीला हात टेकून एक पाय मागे घ्या, मागचा गुडघा सरळ, टाच जमिनीला घट्ट, अर्धा मिनिट थांबा. पोटरीत ताण जाणवला पाहिजे. पाण्याची छोटी बाटली फ्रीजरमध्ये गोठवा, फडक्यात गुंडाळा आणि तिच्यावर तळवा पुढेमागे फिरवा. (ज्यांचे पाय बधिर आहेत त्यांनी ही बाटली वापरू नये, बर्फानेही इजा होते.) आणि ओट्याशी उभं राहताना पायात मऊ चप्पल. आठवड्यात गुण येईल अशी अपेक्षा ठेवू नका, काही महिने लागतात, पण बहुतेकींना ऑपरेशनशिवाय बरं वाटतं. मेडिकलमधून आपल्या मनाने वेदनाशामक गोळ्यांची पट्टी आणून महिनोन् महिने घेणं मात्र नको. पोट बिघडतं, मूत्रपिंडावर ताण येतो, साखर किंवा बीपी असेल तर जास्तच. दोन्ही टाचा दुखतात, हाताची बोटंही सकाळी अर्धा-पाऊण तास आखडलेली असतात, असं असेल तर मामला वेगळा असू शकतो, सांधेवाताची तपासणी करून घ्या.

भेगांचं दुखणं बायकांना जास्त का, तर पुन्हा तेच. अनवाणी उभं राहिलं की टाचेखालची चरबीची गादी कडेने पसरते, कोरडी जाड कातडी तेवढी ताणू शकत नाही आणि फाटते. त्यात धुण्याचा सोडा, साबणाचं पाणी. जाहिरातीतली बाई भेगा दिसल्या म्हणून लाजते. लाजायचं काय त्यात? भेग रक्ताळली की दुखते, तिच्यातून जंतू आत जातात, काळजी त्याची करायची. रात्री कामं आटोपली की दहा-पंधरा मिनिटं पाय कोमट पाण्यात ठेवा, वज्रीने हलक्या हाताने घासा, एका दिवसात सगळं काढायची घाई नको. पाय पुसून ओलसर असतानाच व्हॅसलीन किंवा खोबरेल चोपडा आणि सुती मोजे घालून झोपा. कोकणातल्या आमच्या आजीकडे आमसुलाच्या तेलाचा घट्ट गोळा असायचा, तो विस्तवावर जरा पातळ करून भेगांत भरायची, ते मला अजूनही आवडतं. फार जाड कातडी असेल तर डॉक्टर युरिया असलेलं मलम देतात, त्याने चांगला फरक पडतो. मात्र बिब्ब्याचा चटका देऊ नका, हात जोडून सांगते. बिब्ब्याने कातडी भाजते, फोड येतात, जखम चिघळते. आणि भेगांबरोबर तळवे लालसर होऊन खवले सुटत असतील, खाज असेल, तर ती निव्वळ भेग नसेलही, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

कुरुपाचंही तसंच. त्याला मूळ असतं, ते उपटून काढायचं असतं, असं ऐकत आपण मोठे झालो. मूळबिळ काही नसतं. एकाच जागी चप्पल किंवा हाड दाबत राहतं, तिथे कातडी जाड होते आणि आत रुतते. दाब गेला नाही तर कितीदा कापा, ते परत येणार. कुरुपाच्या पट्ट्यांत कातडी जाळणारं औषध असतं, साखरवाल्यांनी त्या लावूच नयेत. ब्लेडचं तर नावच नको. पार्लरमध्ये पेडिक्युअरला जाता तिथेही ब्लेड फिरवू देऊ नका, आणि हत्यारं आधीच्या बाईची तशीच वापरत नाहीत ना, हे तोंड उघडून विचारा. नखं सरळ कापायची, कोपरे खोल गोल करायचे नाहीत, म्हणजे ती मांसात रुतत नाहीत.

आता चिखल्या. यात मला आपल्यालाच थोडं सुनवायचं आहे. आमच्याकडे धुणं-भांडी करणाऱ्या मावशी पाच घरी जातात. पाचही घरी मोरीत पाय ओले. चप्पल दाराबाहेर काढून आत, काम झालं की ओल्या पायांनी त्याच ओल्या चपलेत, पुढच्या घरी. त्यांच्या बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून फाटलेल्या होत्या. आणि आम्ही वर्षानुवर्षं त्यांना दिवाळीला साडी दिली. मोरीत घालायला एक रबरी चप्पल आणि जाताना पाय पुसायला कोरडं फडकं द्यावं, हे सुचायला मला सासूबाईंचं बोट जावं लागलं. चिखल्या म्हणजे बुरशी. ती ओलाव्यावर वाढते. पाय धुतल्यावर बोटांच्या मधे कोरडं करायचं, बुरशीचं मलम लावायचं, आणि खाज थांबली म्हणून लगेच बंद करायचं नाही, डॉक्टर सांगतील तितके दिवस लावायचं. आपण करतो काय, तर मेडिकलवाल्याकडून "खाजेचं मलम" आणतो. त्यांतल्या बऱ्याच मलमांत स्टिरॉइड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत खाज जाते, आपण खूश, आणि बुरशी आत पसरत राहते, मग साध्या औषधाला जुमानत नाही. स्टिरॉइडची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम २०१८ मध्ये झाला, पण चिठ्ठी न मागणारं दुकान कुठल्या गावात नाही? नखं पिवळी, जाड, भुगा पडणारी झाली असतील तर तीही बहुधा बुरशीच. नेलपॉलिशने झाकून ती जात नाही. पायाचं नख पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं, तेवढी चिकाटी ठेवावी लागते.

अनवाणी म्हटलं की नवरात्र आठवतं. आमच्या ओळखीतल्या कितीतरी जणी नऊ दिवस पायात काही घालत नाहीत. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांतही अनवाणी बायका असतात. देवीचं करणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. मी स्वतः दोनदा गेले आहे, पहाटेच्या वेळी ती रस्त्याभरची गर्दी आणि संबळाचा आवाज काय असतो ते मला ठाऊक आहे. पण ज्या बाईच्या पायाला खडा कळत नाही, तापलेलं डांबर कळत नाही, तिने अनवाणी जाऊ नये, एवढं घरातल्यांनी तरी ठामपणे सांगावं. नवस तिच्या वतीने मुलाने फेडावा, सुनेने फेडावा. दुपारी देवळाच्या आवारातल्या दगडी फरशीवरसुद्धा तिने जाड मोज्यांशिवाय पाऊल ठेवू नये. मोजे घालून दर्शन घेतलं म्हणून देवी रागावेल, असं मला वाटत नाही.

आमच्या घरचं भांडण कसं मिटलं, ते सांगायचं राहिलं. दवाखान्यातून आल्यावर पंधरा दिवस सासूबाईंनी चप्पल घातली आणि जखम भरल्याबरोबर पलंगाखाली सारली. मी रागावले, हे रागावले, नणंदेचा फोन झाला. शेवटी त्यांनीच अटी घातल्या. घरातली चप्पल उंबऱ्याबाहेर एकदाही जायची नाही. ती रोज सकाळी साबणाने धुवायची, धुणार त्या स्वतः. म्हणून दोन जोड आणले, एक वाळेपर्यंत दुसरा. देवघराच्या दाराशी चप्पल काढायची, आत जाडसर सतरंजी घातलेली आणि पायात पांढरे सुती मोजे. पांढरे माझ्या अटीने, म्हणजे डाग पडला तर लगेच दिसतो. स्वयंपाकघरात चालेल, पण नैवेद्याचा स्वयंपाक मी करायचा. मी म्हटलं, चालेल. हळदीकुंकवाला बायका आल्या की त्या अजूनही चप्पल काढून कोपऱ्यात सरकवतात, त्यावर मी काही बोलत नाही, खुर्चीवरून उठू देत नाही एवढंच.

रोज रात्री मी त्यांची पावलं मांडीवर घेऊन पाहते. तळवा, टाच, बोटांच्या मधल्या बेचक्या. मी गावाला गेले तर त्या जमिनीवर आरसा ठेवून स्वतः पाहतात, आता सवय झाली. पाय धुवायच्या पाण्याचा गरमपणा कोपराने बघायचा, पायाने नाही. त्यांचे पाय आता भिजत ठेवायचे नाहीत, धुवायचे आणि लगेच पुसायचे. तेल-व्हॅसलीन टाचेला, तळव्याला लावायचं, बोटांच्या मधे नाही, तिथे कोरडंच बरं. दुसऱ्या पायातलं जोडवं सैल करून घेतलं. वर्षातून एकदा डॉक्टर त्यांच्या तळव्याला एक बारीक नायलॉनचा दोरा टेकवून विचारतात, कळलं का? पाच मिनिटांची तपासणी. घरी साखरेचा पेशंट असेल तर ही तपासणी मागून घ्या. आत शिरल्या शिरल्या चपला-मोजे काढून पाय पुढे करायचे. डॉक्टरांना बरोबर समजतं.

आणि ज्यांना साखर नाही त्यांनी? त्यांनी आधी एक प्रयोग करावा. आमच्या भिशीत आम्ही तो तिथल्या तिथे केला. जमिनीवर वर्तमानपत्र पसरा, त्यावर दोन्ही पायांवर वजन देऊन उभ्या राहा, दुसरीला पेन्सिलने पावलाभोवती रेघ काढू द्या. मग त्या रेघेवर तुमची नेहमीची चप्पल ठेवा. अकरांपैकी सातजणींची रेघ चपलेच्या बाहेर आली. एकीच्या दोन्ही करंगळ्या पूर्ण बाहेर. ती म्हणाली, "पण माझा नंबर सहाच आहे, लग्नापासून." लग्नाला बावीस वर्षं झाली, दोन बाळंतपणं झाली. पाऊल बाळंतपणात आणि वयाबरोबर रुंद होतं, लांबही होतं, नंबर कसा तोच राहील? शिवाय संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात, म्हणून चप्पल घ्यायची ती संध्याकाळी. सकाळी बसणारी चप्पल संध्याकाळी चावते.

सात रेघा बाहेर आल्यावर हिशेब निघाला पैशांचा. मुलाचे बूट दीड हजाराचे, यांचे दोन हजाराचे. आमच्यातल्या बहुतेकींच्या पायात बाजारच्या दिवशी हातगाडीवरून घेतलेली, दीडशे-दोनशेची. टाचेखाली झिजून खड्डा पडला, पट्टा शिवून घेतला, तरी चालूच. साडी तीन हजाराची घेताना आपण असा विचार करत नाही. साडी लोक बघतात, हे एक कारण असेल. पण मला वाटतं, पायाला पैसे लागतात हेच आपल्याला पटलेलं नाही.

घरातली चप्पल महाग लागत नाही. सोल मऊ पण बसका नको, अंगठ्याने दाबला तर दबून पुन्हा वर यायला हवा. खाली पकड हवी, ओल्या फरशीवर घसरणारी नको, नाहीतर टाच वाचवायला जाऊन खुबा मोडायचा. धुता यायला हवी. ज्यांचे पाय बधिर आहेत त्यांनी अंगठ्याची चप्पल घेऊ नये. बोटांच्या मधे पट्टा घासतो ते कळत नाही, आणि चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. त्यांच्यासाठी पुढे दोन रुंद पट्टे आणि मागे बंद असलेली एमसीआरची, डॉक्टरांना विचारून. सर्जिकल सामानाच्या दुकानांत मिळते. आमच्याकडे मी जिल्ह्याच्या गावाहून आणली, साडेपाचशेला जोड. पहिल्या दिवशी अर्धाच तास घालायची, काढून पाय बघायचे, कुठे लाल झालंय का, मग वेळ वाढवायचा.

आमच्या भिशीतली ती, टाचवाली, तिने परवा फोन केला. घरात चप्पल सुरू केली आहे, पोटऱ्या ताणते आहे, थोडं बरं वाटतंय म्हणाली. सासरे अजून रागावलेले आहेत. मी सांगितलं, पुढच्या भिशीच्या दिवशी त्यांनाही वर्तमानपत्रावर उभं करू.